सामायिक सेवा व्यवस्थापन

सामायिक सेवा व्यवस्थापन हा युनायटेड किंग्डममधील सार्वजनिक क्षेत्रातील अधिकाऱ्यांसाठीचा पदव्युत्तर अभ्यासविषय आहे. वेतन, लेखा, खरेदी यांसारखी कामे प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्रपणे न करता अनेक कार्यालयांनी मिळून एका केंद्रातून चालवणे म्हणजे सामायिक सेवा.

२००४ च्या गर्शन अहवालानंतर या पद्धतीला वेग आला. अपेक्षित बचत मात्र सर्वत्र झाली नाही. परिवहन खात्याच्या स्वॉन्झी येथील केंद्रामुळे ५.७ कोटी पाउंड वाचतील असा अंदाज होता. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००८ च्या अहवालात बचतीऐवजी ८.१ कोटी पाउंडांचा निव्वळ भार दिसला. तेथील संगणकप्रणाली कर्मचाऱ्यांना चक्क जर्मन भाषेत संदेश देत असे. दोष केवळ यंत्रणेचा नव्हता. वेळापत्रक घाईचे होते आणि चाचण्या अपुऱ्या होत्या. म्हणजे उणीव मुख्यतः व्यवस्थापनाची होती.

हीच कौशल्ये शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाने चालवला. अशा शिक्षणात मूळ खर्चाची मोजणी, कार्यपद्धतींचे एकसूत्रीकरण आणि भागीदार संस्थांमधील विश्वास हे विषय महत्त्वाचे ठरतात. यांपैकी शेवटचा सर्वांत अवघड म्हणावा लागेल. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचे कलम १०१ एका परिषदेला आपले काम दुसरीकडे सोपवण्याची मुभा देते, पण त्यासाठी लागणारी सहमती अधिकाऱ्यांनाच घडवावी लागते.