फियाटचा कणा : छोटी गाडी

इटालियन मोटार म्हटली की डोळ्यांपुढे लाल, वेगवान फेरारी येते. पण इटलीला चाकांवर आणले ते तुरिनच्या फियाटने, आणि तेही छोट्या गाडीच्या जोरावर. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९२३ मध्ये लिंगोत्तो हा पाच मजली कारखाना सुरू केला. कच्चा माल तळमजल्यावर येई, मजल्यागणिक गाडी आकार घेई आणि छतावरच्या धावपट्टीवर तिची चाचणी होई. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची तयारी झाली होती. उणीव होती सामान्यांना परवडेल अशा गाडीची. दान्ते जाकोझा यांच्या आराखड्यातून १९३६ मध्ये ‘तोपोलिनो’ आली. तिचे इंजिन जेमतेम ५६९ सीसीचे. रेडिएटर इंजिनच्या मागे, जरा वर बसवला होता. त्यामुळे पाण्याच्या पंपाचा खर्च वाचला.

यावर आक्षेप असा, की फियाटला मोठे केले ते सरकारी संरक्षणाने. जबर आयातकरामुळे परदेशी गाड्या इटलीत टिकल्याच नाहीत. यात तथ्य आहे. पण संरक्षणाने घरचे गिऱ्हाईक मिळते, परक्या देशातली मागणी नव्हे. १९५५ ची ‘६००’ स्पेन आणि युगोस्लाव्हियातही तयार होऊ लागली. फियाटचीच ‘११००’ मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनली, पुढे ‘पद्मिनी’ या नावाने काळीपिवळी टॅक्सी झाली. तुटपुंज्या कमाईत चार माणसे नेण्याचा प्रश्न या सर्व देशांपुढे होता. फियाटने त्याचे उत्तर शोधले, हेच तिचे खरे कर्तृत्व.