चालायला वेळ नाही, की बसायला माणूस नाही?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या सुनेला, लेकीला किंवा बायकोला डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच सांगतात : मनावर घेतलं तर रोज चालायला अर्धा तास निघतोच.

चालण्याची गरज आहे, याबद्दल वाद नाही. १९९५ साली ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी अशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर ठरावीक मापाची बारीक जखम करून पाहिली. ती भरून यायला त्यांना इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. सेवेचा ताण शरीर असा वसूल करतं.

वाद आहे तो ‘मनावर घेतलं तर’ या अटीशी. सासरे गॅस चालू ठेवून विसरतात, दार उघडं दिसलं की रस्त्याला लागतात, दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणत येरझारा घालतात. अशा घरातली सून आळसामुळे घरी राहत नाही. तिच्या जागी बसायला कुणी नसतं.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, स्टॅनफर्डच्या अ‍ॅबी किंग यांच्या २००२ सालच्या अभ्यासात अशाच स्त्रिया वर्षभर भरभर चालल्या आणि त्यांची झोप सुधारली. खरं आहे. पण त्यांना चालण्याची आखणी करून दिली होती, फोनवरून पाठपुरावा करणारं माणूस होतं. तेव्हा हा दाखला आमच्याच बाजूचा आहे : एकटीच्या निग्रहावर सवय सोडलेली नव्हती.

दुसरा तोडगा सुचवतात, रुग्णालाच बरोबर न्या. जरूर न्यावं, त्यांनाही चालणं हिताचंच. पण खड्डे आणि रिक्षा चुकवत, हात धरून त्यांच्या चालीनं चालणं ही सेवाच झाली, विसावा नव्हे.

अर्ध्या तासाचा हट्टही सोडावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पण तो सलग दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अट २०२०मध्ये तिनंच काढली. गच्चीवरची, सोसायटीच्या आवारातली पाच-सात मिनिटंही जमेला धरावीत.

उपदेश करायचाच तर तो दिराला, नणंदेला, परगावच्या मुलाला करावा. फोनवर ‘स्वतःला जप’ म्हणू नका. वार आणि वेळ ठरवून बाबांपाशी येऊन बसा. येणं शक्य नसेल तर त्या वेळेपुरत्या मावशी ठेवा आणि त्यांचा पगार तुम्ही द्या.