तळटीप : जेफरसन आणि ‘त्या काळची रीत’

* लेखकाने येथे टॉमस जेफरसन यांचे गुलाम बाळगणे ‘त्या काळची रीत’ म्हणून सोडून दिले आहे. संपादकाला हे मान्य नाही. सर्व माणसे समान असल्याचे अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीची आयुष्यभरात ६००हून अधिक माणसे होती. आजचे माप कालच्या माणसाला लावू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माप त्याच काळातले घेऊ. जेफरसन यांच्याच व्हर्जिनिया राज्याच्या १७८२च्या कायद्याने मालकांना गुलाम मुक्त करण्याची मोकळीक दिली. तिथल्याच रॉबर्ट कार्टर या जमीनदाराने १७९१ मध्ये सुमारे ५०० जणांच्या मुक्ततेचा दस्त केला. वॉशिंग्टन यांनी, फार उशिरा का होईना, १७९९च्या मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांची सुटका लिहून ठेवली. एकेकाळी गुलाम बाळगणाऱ्या फ्रँकलिन यांनी १७९० मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो काँग्रेसकडे धाडला. आणि ज्यांना गुलाम केले होते, त्यांचे मतही त्या काळाचेच मत होते; ‘काळ’ म्हणताना आपण त्यांना मोजतच नाही.

कर्जाने जेफरसन यांचे हात बांधले होते, असेही सांगतात. कर्ज खरेच होते. पण पोलिश सेनानी कोश्च्युश्को यांनी आपला अमेरिकेतला पैसा गुलामांच्या मुक्ततेसाठी मृत्युपत्राने जेफरसन यांच्या हाती सोपवला, तेव्हा ती जबाबदारी त्यांनी नाकारली. याने जाहीरनाम्याचे मोल घटत नाही. स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये त्याच तत्त्वांवर राष्ट्राला जाब विचारला. जेफरसन यांनी हयातीत दोघांना मुक्त केले, मृत्युपत्राने पाच जणांना. १८२७च्या जानेवारीत त्यांच्या माँटिचेलो या मळ्यावर १३० माणसे लिलावात काढण्यात आली. — संपादक