भरतीचे कारभारी



अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा फुटबॉल आणि त्यासाठी खेळाडू मिळवणारी त्यांची खाती, हा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने हे कशाला सांगावे? पण माणसे कामाला कोण आणतो, कोणत्या बोलीवर आणतो, आणि आणणाऱ्याला काय मिळते नि येणाऱ्याला काय मिळते, हे प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारले त्याला या इतिहासात ओळखीच्या खुणा जागोजाग दिसतात. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. तेव्हा पांडित्याच्या भानगडीत न पडता हकीकत क्रमाने सांगतो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू हातात घेऊन धावायचे, आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन त्याला पाडायचे, असा हा दांडगाईचा खेळ आहे. महाविद्यालयांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्याचे नियम मात्र पुष्कळसे पायाने खेळण्याच्या फुटबॉलचेच होते. आजचे रूप पुढच्या काही दशकांत आले. आरंभी सारा कारभार विद्यार्थीच पाहात. पुढे प्रेक्षक वाढले, तिकिटे लागली, पैसा आला, आणि पैशाच्या पाठोपाठ पगारी शिक्षक आले. मैदानावर इतकी मुले दगावू लागली की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतले. त्या ओरडीतून जी संघटना निघाली तिला १९१० मध्ये एन. सी. ए. ए. हे नाव मिळाले. तिचे मुख्य तत्त्व असे की, विद्यार्थ्याने हौसेने खेळावे. खेळाबद्दल मोल घेऊ नये.

तत्त्व उत्तम. पण सामना जिंकला तर महाविद्यालयाचे नाव होते, देणग्या येतात, स्टेडियम भरते. मग जिंकून देणारा पोरगा शेजारच्या महाविद्यालयात जाऊ द्यायचा काय? १९२९ च्या ऑक्टोबरात कार्नेगी प्रतिष्ठानाने शंभरावर महाविद्यालयांची चौकशी करून अहवाल काढला. त्यात दिसले की सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसा वा लाभ पोचत होता. कोणाला नावापुरती नोकरी, कोणाला माजी विद्यार्थ्यांकडून गुपचूप मदत. म्हणजे तत्त्व कागदावर राहिले आणि भरती मागच्या दाराने चालू झाली.

१९४८ मध्ये एन. सी. ए. ए. ने कडक नियम करून पाहिले. १९५० मध्ये ते मोडणाऱ्या सात महाविद्यालयांना काढून टाकण्याचा ठराव आला, पण लागणारी दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. पुढच्याच वर्षी ते नियम रद्द झाले. अखेर १९५६ मध्ये तडजोड निघाली. शिक्षणाची फी, खोली, जेवण आणि पुस्तके एवढे खेळाडूला उघडपणे द्यावे. 

याच सुमारास कोलोरॅडो राज्यात जे दोन खटले झाले, ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावेत असे आहेत. डेन्व्हर विद्यापीठाचा अर्नेस्ट नेमेथ हा खेळाडू सरावात जखमी झाला. त्याला आवारात काम दिले होते, पण ते फुटबॉल खेळण्यावर अवलंबून होते. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला नोकर मानून भरपाई मंजूर केली. दुसरा रे डेनिसन, फोर्ट लुईस महाविद्यालयाचा. १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून तो मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालयाचा धंदा फुटबॉलचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. एन. सी. ए. ए. चे १९५१ ते १९८७ पर्यंतचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात मान्य केले की, ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द त्या काळात मुद्दाम रूढ करण्यात आला, कारण खेळाडू नोकर ठरतील ही धास्ती होती. नाव बदलले की हक्क बदलतो, ही युक्ती आपल्याकडेही नवी नाही. काम तेच करणाऱ्याला ‘शिकाऊ’ म्हटले की काय काय वाचते, हे इथे बसलेल्या कितीतरी जणांना ठाऊक आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खेळाडूला द्यायचे मोल सर्वत्र सारखे ठरले. मग चढाओढ थांबली का? मुळीच नाही. जो पैसा खेळाडूच्या हाती देण्यास मनाई होती, तो खेळाडूला शोधून आणणाऱ्यांवर खर्च होऊ लागला. भरतीखात्याच्या वाढीचे मूळ मला या मनाईत दिसते.

साठच्या दशकात हे काम मुख्य शिक्षक आणि त्याचे सहायक प्रवास करूनच करीत. मिशिगन स्टेटचे डफी डॉहर्टी यांनी दक्षिणेकडचे कृष्णवर्णी खेळाडू मोठ्या संख्येने आणले, कारण दक्षिणेतली बडी गोरी विद्यापीठे त्या मुलांना घेतच नसत. अलाबामा विद्यापीठाने पहिल्या कृष्णवर्णी फुटबॉलपटूला शिष्यवृत्ती दिली ती १९७० साली. त्याच काळात धंदेवाईक डॅलस काउबॉइज संघाने खेळाडू निवडण्यासाठी संगणक वापरला, आणि त्याची आकडेमोड बसवली ती सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाने.

पूर्वी मोठी महाविद्यालये हवे तितके खेळाडू घेऊन ठेवीत. स्वतःला लागोत न लागोत, दुसऱ्याला मिळू नयेत. १९७३ मध्ये शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ९५ ची, नव्वदच्या दशकात ८५ ची. त्याच १९७३ मध्ये शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. म्हणजे शिक्षकाची मर्जी गेली की पुढच्या वर्षी जागा गेली. जागा मोजक्या झाल्या तशी चुकीची निवड महाग पडू लागली, आणि पारख करणाऱ्यांची संख्या वाढली.

अशा मोठ्या खात्याची रचना साधारण अशी असते. वर मुख्य शिक्षक. त्याच्या हाताखाली दहा सहायक. २०१८ पूर्वी ते नऊ होते. बाहेरगावी जाऊन खेळाडूंना भेटण्याची परवानगी एवढ्यांनाच. म्हणून देशाचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक मुलूख वाटून दिलेला असतो. तिथल्या शाळा, तिथले शिक्षक, मुलाच्या घरी कोणाचा शब्द चालतो, हे सारे त्याने जाणायचे. मग कचेरी. खेळाडू-निवडीचा संचालक आणि त्याचे मदतनीस हजारो मुलांची चित्रफीत पाहून चाळणी लावतात आणि प्रत्येक जागेसाठी क्रमवारी लावून ठेवतात. तिसरे टेबल पाहुणचाराचे. मुलगा आईवडिलांसह आवार पाहायला आला की त्याला कोणी घ्यायचे, जेवायला कोणाशेजारी बसवायचे, आईशी कोणी बोलायचे, सगळे आखलेले. चौथे टेबल जाहिरातीचे. मुलाला संघाच्या पोशाखात उभे करून छायाचित्रे काढायची आणि त्याच्या फोनवर धाडायची. पाचवे टेबल नियमांचे. वर्षाचे दिवस वाटून दिलेले असतात. कधी भेटता येते, कधी नुसता खेळ पाहता येतो, कधी फक्त आवारातच भेट होते, आणि ‘मृत’ काळात तर समोरासमोर भेटच नाही. २००७ मध्ये फोनवरून लिखित संदेश पाठवायला बंदी आली, २०१६ मध्ये ती फुटबॉलपुरती उठली. दर नव्या नियमागणिक तो सांभाळणारा एक माणूस वाढतो.

श्रोते हो, आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. कोकणातून, घाटावरून माणसे तो आणी, कामाला तोच लावी, नि दस्तुरीही तोच खाई. ऊसतोडीचा मुकादम आजही उचल देऊन टोळी बांधतो. अमेरिकेत एका मुकादमाचे काम दहा टेबलांवर वाटले गेले, एवढाच मला फरक दिसतो. तिथे मुलाला शिक्षण मिळते, आणि गरीब घरच्या मुलाला ते थोडेथोडके नव्हे, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पण शब्द देणारे अनेक झाले की शब्द पाळायचा कोणी, याचा पत्ता लागत नाही. जॉबरला निदान गावात गाठता येत असे.

नियम मोडला तर काय होते तेही पाहा. टेक्ससच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात धनिक पाठीराख्यांकडून खेळाडूंना पैसे जात होते. १९८७ मध्ये त्या संघाचा सबंध हंगाम रद्द झाला. संघ मोडला, पण भरतीची चढाओढ देशभर होती तशीच राहिली.

बांध फुटला तो आमच्याच काळात. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी केन कोल्टर यांच्या पुढाकाराने युनियन मागितली, आणि पोलाद कामगारांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. शिकागोच्या विभागीय कामगार अधिकाऱ्याने निकाल दिला की हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास राबणारी ही मुले नोकरच आहेत. मतदान झाले, पेट्या सीलबंद झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळाने प्रकरणात हात घालण्यास नकार दिला, आणि ती मते कधी मोजलीच गेली नाहीत.

पुढे घटना भराभर घडल्या. २०१८ मध्ये महाविद्यालय बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही सुरू झाली; तिच्यावर दिवसरात्र नजर ठेवणारी माणसे खात्यात आली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एन. सी. ए. ए. विरुद्ध दिला, आणि जुलैपासून खेळाडू आपल्या नावाचे पैसे घेऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालयांना सर्व खेळांतील खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. या काळात खात्याचे रूप पालटले. आता त्याच्या शिरोभागी ‘जनरल मॅनेजर’ बसतो. स्टॅनफर्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला नामांकित माजी खेळाडू अँड्र्यू लक याला या पदावर नेमले. कोणत्या जागेला किती द्यायचे, कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, हा हिशेब या खुर्चीतून चालतो.

मोल मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण टेबलाच्या त्या बाजूला मॅनेजर, संचालक, पारखी, वकील बसले आहेत. या बाजूला अठरा वर्षांचा पोरगा, त्याची आई, आणि ऐपत असेल तर एखादा दलाल. सामुदायिक करार नाही, आणि बहुतेकांना नोकर म्हणून मान्यताही नाही. दीडशे वर्षांत भरती करणाऱ्यांची संघटना पायरीपायरीने उभी राहिली. भरती होणाऱ्यांची अजून उभी राहायची आहे. नॉर्थवेस्टर्नच्या त्या न मोजलेल्या मतांत तिचा आरंभ आहे असे मी समजतो. वेतन आले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी आपल्या चळवळीचा इतिहासही एकदा आठवावा. आपल्याकडे आधी वेतन होतेच. वेतनाची बोलणी करण्याचा हक्क पुष्कळ नंतर, पुष्कळ संपांनंतर मिळाला.