देऊळ, शपथ आणि कुऱ्हाड : राळेगणसिद्धीचा गावकरार आणि चिनी परंपरा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे नाव निघाले की बोलणे बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट पाण्याची : नालाबांध, पाझर तलाव आणि अवर्षणग्रस्त शिवारात उभी राहिलेली हिरवी शेती. दुसरी वाट राजकारणाची : उपोषणे, माहितीचा अधिकार, २०११ सालचे दिल्लीतील लोकपाल आंदोलन. या दोन्ही वाटांवर पुष्कळ लेखन झाले आहे. आम्हांला येथे तिसऱ्या वाटेने जायचे आहे, आणि ती गावाच्या देवळातून जाते. रूढी, श्रद्धा आणि प्रतीके यांच्या बळावर एखादे गाव स्वतःला नियम कसे घालून घेते, आणि तो नियम मोडणाऱ्या माणसाचे पुढे काय करते, हा आमचा प्रश्न आहे. चीनमधील ग्रामीण परंपरेने हाच प्रश्न सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी लेखी स्वरूपात मांडला होता. म्हणून राळेगणची गोष्ट सांगताना त्या दूरच्या परंपरेला आम्ही साक्षीला बोलावले आहे.

देवळाचे लाकूड

किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा, सैन्यातील नोकरी संपवून १९७५ साली गावी परतले. त्या वेळचे राळेगण हातभट्टीच्या दारूसाठी प्रसिद्ध होते. गावात तीसहून अधिक भट्ट्या होत्या. संत यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आले होते आणि त्याचे लाकूड लोकांनी काढून भट्ट्यांच्या चुलीत घातले होते, असे या गावाच्या जवळजवळ प्रत्येक वृत्तांतात सांगितलेले आढळते. अण्णांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून देवळाचा जीर्णोद्धार सुरू केला आणि हळूहळू गाव त्यात सामील झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. गावाच्या अवनतीची आणि उत्थानाची गोष्ट लोकांनी लाकडाच्या रूपाने लक्षात ठेवली आहे. दारूमुळे किती संसार मोडले याचा हिशेब कोणी मांडला नाही. देवाचे लाकूड दारूखाली जळाले, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या सांगण्याजोगे उरले. पडझड कोठवर गेली हे त्या एका गोष्टीतून ऐकणाऱ्याला कळते, आणि पुन्हा उभारणी कोठून सुरू व्हावी हेही कळते. कर्ज, पाणी, शेती हे प्रश्न तातडीचे असताना पहिले काम देवळाचे झाले, याचे कारण या प्रतीकाच्या घडणीतच आहे.

दारूबंदीचा निर्णयही देवळातच झाला. गावकरी तेथे जमले, भट्ट्या बंद करण्याचे ठरले, आणि स्थानामुळे त्या ठरावाला शपथेचे वजन आले. बहुतेक भट्ट्या मालकांनी आपणहून बंद केल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्या भट्ट्या तरुणांनी मोडल्या. धंदाच बेकायदा असल्याने मालकांना तक्रार घेऊन जायला जागा नव्हती. पुढे होळीच्या आगीत विडी, सिगारेट, तंबाखू टाकण्यात आली आणि गावातील दुकानांतून त्यांची विक्री थांबली. वाईटाचे दहन हा होळीचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. राळेगणने त्या जुन्या अग्नीत नवे सरपण घातले, एवढेच. सामुदायिक विवाह, धान्य बँक आणि श्रमदान ही याच काळाची देणगी. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही गावाची पंचसूत्री झाली. राज्य शासनाने १९९२ साली आदर्श गाव योजना आखली तेव्हा हाच नमुना तिच्यापुढे होता.

बेलभंडार ते ठराव

देवळात बसून केलेला ठराव अधिक बंधनकारक का वाटतो? मराठी ग्रामव्यवस्थेत याचे उत्तर जुने आहे. मराठेशाहीतील निवाड्यांच्या कागदपत्रांत गोतसभा भरते, महजर लिहिला जातो, आणि पुरावा अपुरा पडला की पक्षकाराला देवापुढे नेले जाते. बेलपत्र आणि भंडारा हाती घेऊन शपथ वाहणे, म्हणजे बेलभंडार उचलणे, ही त्यातली सौम्य रीत. तापलेल्या तेलातून वा तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य ही कठोर रीत. वारकऱ्याची तुळशीमाळ हेही एक प्रकारचे करारपत्रच आहे. माळ गळ्यात पडली की मद्य आणि मांस सुटते, आणि ते सुटल्याचे सांगायला वेगळा कागद लागत नाही.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. माणूस शब्द देतो तो एका माणसाला नव्हे. देव आणि गोत या दोघांना एकाच वेळी देतो. देव फसत नाही आणि गोत विसरत नाही. राळेगणच्या देवळातील ठरावामागे हीच जुनी समजूत उभी होती. तिला श्रमदान, ग्रामसभा, आदर्श गाव ही नवी भाषा मिळाली.

मात्र गोताच्या स्मरणशक्तीची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. शब्द मोडणाऱ्याला वाळीत टाकणे, त्याचे हुक्कापाणी बंद करणे, ही त्याच व्यवस्थेची शस्त्रे होती. ती इतकी टिकून राहिली की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

लानत्यानचा करार

आता चीनकडे वळू. सोंग राजवटीच्या काळात, इ. स. १०७६च्या सुमारास, आजच्या शान्‌शी प्रांतातील लानत्यान येथे ल्यू घराण्यातील बंधूंनी आपल्या गावासाठी एक करारनामा तयार केला. त्याचा मुख्य कर्ता ल्यू दाज्युन. चिनी भाषेत अशा कराराला 'शियांग-युए' म्हणतात : शियांग म्हणजे गाव, युए म्हणजे बंधन किंवा करार. त्याची कलमे चार होती. सद्‌गुणांसाठी एकमेकांना उत्तेजन द्यावे, चुकल्यास एकमेकांना सावरावे, सण-समारंभ आणि लग्न-मर्तिकाच्या रीती एकमेकांशी नीट पाळाव्यात, आणि संकटात एकमेकांना मदत करावी. नीतीविरुद्धच्या अपराधांची जी यादी त्यात आहे तिच्या आरंभीच दारू पिऊन धिंगाणा, जुगार, मारामारी आणि कज्जेदलाली यांचा उल्लेख येतो. राळेगणच्या गावकऱ्याला ती यादी परकी वाटली नसती.

महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, कोणाचे चांगले कृत्य आणि कोणाची चूक वहीत नोंदवावी, अशी व्यवस्था होती. चुकीसाठी दंड होता. सुधारण्याची आशाच उरली नाही तर त्या माणसाला करारातून वगळले जाई. करारात येणे ऐच्छिक होते. तरीही ही गोष्ट साधी नव्हती. राजसत्तेच्या आज्ञेवाचून गावाने स्वतःला नियम घालून घ्यावेत, याचे अनेकांना भय वाटले. ल्यू दाज्युनच्या स्वतःच्या भावांनीही त्याला सावध केले, आणि त्याला पत्रांतून आपली बाजू मांडावी लागली. पुढे बाराव्या शतकात चू शी या थोर तत्त्वज्ञाने या करारनाम्याची सुधारित आवृत्ती केली आणि त्यामुळे तो चीनभर परिचित झाला.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात वांग यांगमिंग या तत्त्वज्ञ-अधिकाऱ्याने दक्षिण च्यांगशी भागातील बंडाळी मोडल्यावर तेथील गावांसाठी नवा करारनामा लिहिला. त्याचा विधी वाचण्यासारखा आहे. लोक जमतात, कराराचे वाचन ऐकतात, आणि वरून चांगले व आतून वाईट वागणाऱ्याला देवांनी शासन करावे अशी शपथ घेतात. मग मद्याचे पेले फिरतात. ज्याने चूक केली असेल तो पुढे येऊन अपराध कबूल करतो आणि स्वतःच्या हाताने मद्य ओतून, गुडघे टेकून, दंडाचा पेला पितो.

एका गावात मद्य हाच अपराध, दुसऱ्या गावात मद्य हेच प्रायश्चित्त! प्रतीकाचा अर्थ वस्तूत दडलेला नसतो, हे साहित्यशास्त्रातले तत्त्व यापेक्षा स्पष्ट करून दाखवणारे उदाहरण सहसा सापडणार नाही. दारूच्या पेल्याला राळेगणमध्ये एक अर्थ मिळाला, तो त्या गावाने दारूपायी जे भोगले त्यातून. चीनमध्ये पूर्वजांना आणि देवतांना मद्य अर्पण करण्याची प्राचीन प्रथा होती, म्हणून तेथे पेल्याला समेटाचा अर्थ मिळाला. आणि तेथेही अतिरेकाचे भय होतेच. 'शूजिंग' या प्राचीन ग्रंथातील एका घोषणेत शांग राजवटीच्या नाशाचे खापर मद्यपानावर फोडलेले आहे आणि मद्य यज्ञप्रसंगापुरतेच घ्यावे असे बजावलेले आहे.

वांग यांगमिंगच्या करारातील आणखी एक नियम आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. कोणाच्या चांगल्या कृत्याची नोंद करताना शब्द उघड आणि ठाम असावेत; कोणाचा दोष नोंदवताना मात्र ते झाकलेले आणि मृदू असावेत. थेट आरोप केला तर माणूस चिडून अधिकच बिथरेल, त्याला परतायला वाट राहू द्यावी, अशी त्यामागची भूमिका आहे.

खांब आणि झाड

येथे राळेगणच्या इतिहासातील एका अवघड पानाशी आपण येतो. शपथेनंतरही दारू पिणाऱ्यांना देवळाच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारल्याचा प्रसंग नोंदलेला आहे. अण्णांनी तो नाकारला नाही. आजारी मुलाला आई कडू औषध पाजते, या धर्तीचा दाखला देऊन त्यांनी त्याचे समर्थन केले. नवऱ्याच्या दारूपायी मार खाणाऱ्या बायकांच्या बाजूने पाहिले, तर या कठोरपणामागची कळकळ समजते. पण ज्या देवळाचे लाकूड जळाल्याची गावाला लाज वाटली, त्याच देवळाच्या खांबाला माणूस बांधला गेला, हेही विसरता येत नाही. प्रतीक तेच राहिले आणि त्याचे काम बदलले. मुकुल शर्मा यांनी 'ग्रीन अँड सॅफ्रन' (२०१२) या पुस्तकात राळेगणच्या नैतिक अधिकाराची चिकित्सा केली आहे. देऊळ, शाकाहार, एकमत या गोष्टी गावातल्या दलित कुटुंबांपर्यंत पोचतात तेव्हा त्यांत संमती किती आणि दडपण किती, हा तिथला प्रश्न टाळण्याजोगा नाही.

चिनी परंपरेत या प्रश्नाची एक सुंदर खूण सापडते. भूमिदेवतेच्या वेदीला 'शे' म्हणत. त्या अक्षरात देवतेची खूण आणि माती यांची जोड आहे. आज चिनी भाषेत समाजासाठी जो 'शेह्वेई' शब्द आहे त्याचे पहिले अक्षर हेच, आणि पूर्वी तो शब्द या वेदीच्या उत्सवासाठी जमलेल्या मेळ्याला लावीत. वेदीपाशी झाड असे. कन्फ्यूशिअसच्या संवादांत असा प्रसंग येतो : लू राज्याच्या अधिपतीने या वेदीविषयी विचारले असता त्साय वो या शिष्याने सांगितले की श्या काळात पाइन, यिन काळात सायप्रस आणि चौ काळात चेस्टनटचे झाड लावीत, चेस्टनट अशासाठी की लोकांचा थरकाप व्हावा. चिनी भाषेत चेस्टनट आणि थरथरणे यांसाठी 'ली' हा एकच शब्द असल्याने हा श्लेष साधला. कन्फ्यूशिअसला हा खुलासा रुचला नाही. गावाच्या मध्यावरचे पवित्र झाड भय घालण्यासाठी आहे, हा अर्थ शब्दांत बसला तरी त्याने तो मान्य केला नसावा, असे भाष्यकार मानतात.

झाडाच्या संदर्भात राळेगण आणि चीन आणखी एका ठिकाणी भेटतात. दक्षिण चीनमध्ये गावाच्या पाठीशी राखलेली 'फंगश्वे' वने आहेत. ती तोडली तर गावाचे भाग्य जाते अशी श्रद्धा, आणि तोड करणाऱ्याला दंड सांगणारे शिलालेखही अनेक ठिकाणी उभे. आपल्याकडील देवराया याच जातीच्या. देवाच्या नावाने झाड वाचते आणि झाडाबरोबर झरा वाचतो. राळेगणची कुऱ्हाडबंदी मात्र देवराईपेक्षा वेगळी आहे. तेथे वनदेवतेच्या कोपाचे भय नाही. उतारावरची माती थांबली तर विहिरीला पाणी येते, हा हिशेब आहे. गावाने तो अनुभवाने पडताळून पाहिला, म्हणून पंचसूत्रीतले हे सूत्र पट्ट्यावाचून टिकले.

कराराचे भवितव्य

चीनमधील शियांग-युएचे पुढे काय झाले? मिंग आणि छिंग काळात राज्यसंस्थेने तो आपल्या हाती घेतला. १६७० साली कांग्शी सम्राटाने सोळा सूत्रांचा पवित्र आदेश काढला आणि महिन्याच्या प्रतिपदेला व पंधराव्या दिवशी गावोगाव त्याचे वाचन होऊ लागले. लानत्यानच्या माणसांनी स्वेच्छेने नाव लिहून केलेला करार आता ऐकायला उभे राहण्याचा उपचार झाला. करारातला 'आम्ही' गळून पडला आणि आज्ञा तेवढी उरली.

आपल्याकडे घडलेली एक गोष्ट त्याच्या उलट दिशेची आहे. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदान करता येते, आणि त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या चित्रांचा अर्थ सांगावा लागत नाही. देवळातल्या शपथेचा धागा येथे मतपेटीपर्यंत पोचला आहे, आणि जिला आजवर शपथेत आवाज नव्हता ती आता गुप्तपणे आपले मत देते. तिला विरोधात मत द्यायचीही मोकळीक आहे, हे या प्रतीकाचे खरे मोल.

राळेगणने महाराष्ट्राला पाण्याचा धडा दिला हे सर्वमान्य आहे. त्याने दिलेला दुसरा धडा प्रतीकांचा आहे आणि तो दुधारी आहे. देऊळ, होळी, शपथ या जुन्या रूपांत एवढी शक्ती असते की बुडालेले गाव त्यांना धरून वर येऊ शकते. तीच शक्ती चुकलेल्या माणसावर वळली तर त्याला बोलायला जागा उरत नाही. वांग यांगमिंगच्या वहीत दोष मृदू शब्दांत लिहिण्याचा नियम होता, तो या जाणिवेतून. गावाचा करार किती पवित्र जागी झाला यावरून त्याची थोरवी ठरवू नये. तो मोडणाऱ्याला परत येण्यासाठी दार उघडे ठेवले होते की नाही, हे आधी पाहावे.