डोलकाठीवरून सोडलेला दगड

1640 साली मार्सेय बंदरात पिएर गासँदी नावाचा एक फ्रेंच पाद्री गॅलीवर चढला. (मार्सेय म्हणजे सावरकरांच्या उडीमुळे आपण शाळेत ऐकलेलं मार्सेलिस.) गॅली म्हणजे रांगेने बसलेल्या माणसांनी, बहुतेक कैद्यांनी आणि गुलामांनी, वल्हवायचं जहाज. जहाजाने चांगला वेग घेतल्यावर डोलकाठीच्या टोकावरून एक दगड सोडण्यात आला. तो सरळ डोलकाठीच्या बुंध्याशी पडला. जहाज उभं असतानाही तो तिथेच पडायचा.

प्रयोग एवढाच. बंदरावरच्या कुठल्याही पोराला जमला असता. मग तो 1640 मध्ये मुद्दाम करून जगाला सांगावासा का वाटला?

कारण या दगडावर पृथ्वीचा खटला चालू होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जायचा: मग मनोऱ्यावरून टाकलेला दगड पायथ्याशी कसा पडतो? तो हवेत असताना जमीन पूर्वेकडे सरकलेली असणार, म्हणजे तो मागे, पश्चिमेला पडायला हवा. टायको ब्राहेने याचीच तोफांची आवृत्ती काढली होती: पृथ्वी फिरत असेल तर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे डागलेल्या गोळ्यांच्या पल्ल्यात फरक दिसला पाहिजे. हा आक्षेप मूर्खांचा नव्हे. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे 465 मीटर, म्हणजे आवाजाहून जास्त आहे. एवढ्या वेगात काहीच जाणवत नाही, हे पटायला अवघडच.

आपल्याकडेही हाच वाद झाला होता. आर्यभटाने 499 मध्ये नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराने उलट विचारलं की असं असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परततात कसे? व्हॉट्सॅपवर आर्यभट फिरतो, वराहमिहिराचा प्रश्न फिरत नाही. पण मला तो प्रश्नच जास्त आवडतो, कारण तो नेमका भोकावर बोट ठेवतो. नावेचा दाखला काय ‘दिसतं’ ते सांगतो, वस्तू कशा ‘पडतात’ आणि ‘उडतात’ ते नाही. त्यासाठी गतीचे नियम लागतात, आणि ते यायला अजून हजारावर वर्षं होती.

गॅलिलिओने 1632 च्या ‘संवाद’मध्ये ते भोक बुजवलं. त्या पुस्तकात सिम्प्लिचिओ हा जुन्या मताचा माणूस साल्व्हियातीला विचारतो, जहाजावरून दगड टाकून पाहिलास का? साल्व्हियाती म्हणतो, पाहायची गरज नाही, तसंच होणार. कोड न चालवताच ‘चालेल रे’ म्हणणारे असे सीनियर मी पाहिलेत. गंमत म्हणजे 1624 मध्ये इंगोलीला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने आपण हा प्रयोग केल्याचं म्हटलं होतं.

युक्तिवाद मात्र पक्का होता. दगड हातातून सुटतो तेव्हाच त्याच्याकडे जहाजाचा आडवा वेग असतो. तो हिरावून घेणारं काही नसेल, तर दगड पडता पडता जहाजाबरोबर पुढेही जात राहतो. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवरून मोबाइल निसटला तर तो खालच्या काकांच्या पोटावर पडतो, मागच्या डब्यात नाही. गॅलिलिओ आणखी पुढे गेला: जहाजाच्या पोटातल्या बंद खोलीत फुलपाखरं सोडा, भांड्यात मासे ठेवा, टांगलेल्या बाटलीतून थेंब गळू द्या. जहाज उभं आहे की सरळ, एकसारखं चाललंय, हे यातल्या कशावरूनही कळणार नाही. आज पुस्तकात याला गॅलिलिओची सापेक्षता म्हणतात.

पण इथेच गॅलिलिओ स्वतःच्या जाळ्यात सापडला. आतून काहीच कळत नसेल, तर पृथ्वी फिरते हे तरी कशावरून? दगड बुंध्याशी पडला म्हणून आक्षेप मेला, पण पुरावा जन्माला आला नाही. त्याला पुरावा हवाच होता, म्हणून त्याने भरती-ओहोटी पुढे केली: पृथ्वीच्या दोन गती मिळून समुद्र हिंदकळतो. हे चूक होतं. 1633 मध्ये त्याच्यावर खटला झाला आणि मत मागे घ्यायला लावलं गेलं. मार्सेयला दगड पडला तेव्हा तो आर्चेत्रीत, आंधळा आणि नजरकैदेत होता. गासँदीने 1642 मध्ये प्रयोगाची हकिकत छापली. पाद्रीच तो, चर्चचा निर्णय शिरसावंद्य म्हणत त्याने पृथ्वीचं नाव जपूनच घेतलं. गॅलिलिओ त्याच वर्षी जानेवारीत वारला.

पुरावा लपला होता ‘सरळ, एकसारखं’ या दोन शब्दांत. पृथ्वी सरळ जात नाही, वळते. वळणारी चौकट स्वतःला थोडं उघडं पाडतेच. घाटात बस वळली की आपण शेजाऱ्यावर कलतो तसं. मनोऱ्याचं टोक पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा जास्त दूर, म्हणून त्याचा पूर्वेकडचा वेग किंचित जास्त. म्हणजे दगड मागे नाही, जरासा पुढे, पूर्वेला पडला पाहिजे. न्यूटनने 1679 मध्ये हुकला लिहिलेल्या पत्रात हे सुचवलं.

1791 मध्ये ग्युलिएल्मिनीने बोलोन्याच्या आझिनेल्ली मनोऱ्यातून सुमारे 78 मीटर उंचीवरून गोळे सोडले. हिशेब सोपा आहे. पडायला लागतात सुमारे 4 सेकंद. जुना आक्षेप खरा असता तर तेवढ्यात बोलोन्याची जमीन सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेली असती आणि गोळा तेवढाच मागे, पश्चिमेला पडला असता. न्यूटनच्या नियमांनी येणारा फरक पूर्वेकडे जेमतेम 1 सेंटिमीटर. वाऱ्याची झुळूक, दोऱ्याचा पीळ, मनोऱ्याचं हलणं, सगळं सांभाळून हा एक सेंटिमीटर पकडायचा होता. त्याचे आकडे हिशेबाशी नीट जुळले नाहीत, पण गोळे पूर्वेकडे सरकले होते.

बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होतं. गॅलिलिओचा ‘संवाद’ बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीतच होता. तो वगळलेली पहिली यादी निघाली 1835 मध्ये.