पायनघाटाची सीमा व भूपृष्ठ-प्रतिमानाचे क्षेत्र : मूर्तिजापूरच्या निमित्ताने

वऱ्हाडचे जुने दोन भाग अभ्यासकांना परिचित आहेत. गाविलगडचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांच्या मधले पूर्णाकाठचे सखल मैदान तो पायनघाट, आणि दक्षिणेकडील उंचवट्याचा प्रदेश तो बालाघाट. जमिनीतील ओलावा, बाष्पीभवन आणि वाहून जाणारे पाणी यांचे भूपृष्ठ-प्रतिमानाच्या साहाय्याने सदृशीकरण करताना क्षेत्र केवढे घ्यावे, हा प्रश्न पुढे आला की प्रस्तुत लेखकाला या विभागणीची आठवण होते. जिल्हा हे क्षेत्र धरण्याची आपल्याकडे सवय आहे. मूर्तिजापूरपुरते पाहिले तरी ही सवय किती घातक आहे, हे ध्यानात येईल.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०५ साली तेथील सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. त्या वेळी मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून अकोल्यात गेला, खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात गेले, आणि वाशीमचा स्वतंत्र जिल्हा मोडला. पुढे १९९८ साली वाशीम पुन्हा वेगळा झाला. म्हणजे ‘अकोला जिल्हा’ या एकाच नावाखाली शंभर वर्षांत तीन वेगवेगळे भूप्रदेश येतात. त्यांचे आकडे सलग जोडणाऱ्या विद्यार्थ्याला जमीन बदलल्याचा भास होईल. बदललेले असते ते दप्तर!

प्रतिमानाच्या बाजूने पाहता गोष्ट थोडी निराळी आहे. मनाबे यांनी १९६९ साली जमिनीच्या प्रत्येक चौकटीला १५ सेंटिमीटर पाणी मावणारी एक बादली मानली. ती भरली की उरलेले पाणी वाहून जाते. डिअरडॉर्फ (१९७८), तसेच डिकिन्सन व सेलर्स (दोघेही १९८६) यांच्या कार्याने वनस्पती आणि मातीचे थर त्यात अधिक बारकाईने आले. तथापि अशा प्रतिमानांत सामान्यतः देवघेव उभ्या दिशेनेच होते. शेजारच्या चौकटीची वार्ता चौकटीला नसते. म्हणून हवामानाची नोंद बाहेरून पुरविली असेल, तर क्षेत्र लहान केले तरी मूर्तिजापूरच्या चौकटीचे उत्तर बदलू नये. बदललेच, तर माती, वनस्पती, पाऊस व प्रारंभीचा ओलावा यांच्या जाळ्या सारख्या कापल्या गेल्या नाहीत असे प्रथम समजावे. एक ओळ सरकली तरी सातपुड्याचा पाऊस मैदानातल्या काळ्या मातीवर पडू लागतो.

नदीचे वहन जोडले की मात्र ही निर्धास्तता संपते. पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिची उपनदी काटेपूर्णा वाशीमकडून, म्हणजे बालाघाटातून खाली येते. १९९८ ची रेषा ही नदी मध्येच तोडते. येथे पायनघाटाची सीमाही अपुरी पडते, कारण पायनघाट ही खोऱ्याची कूस आहे, संपूर्ण खोरे नव्हे. वातावरणाचे प्रतिमानही जोडले, तर खोरेसुद्धा पुरत नाही. क्षेत्र फार लहान असल्यास सीमेवरून आत येणारी हवाच सर्व ठरविते, आणि फार मोठे असल्यास प्रतिमान सीमेवरील स्थितीपासून भरकटते, असे जोन्स व सहकाऱ्यांनी १९९५ साली युरोपच्या संदर्भात दाखविले. आपल्या मोसमी पावसाच्या प्रदेशात हा तोल साधणे अधिक अवघड आहे.

खारपाणपट्ट्यात हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. तेथे विहिरीचे खारे पाणी पिकाला चालत नाही, त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याची सारी भिस्त मुरलेल्या पावसावर असते. उन्हाळ्यात या काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून थेट खोल उतरतो. मनाबेंच्या बादलीला अशी भेग नव्हती. क्षेत्र कितीही वाढवले तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून वहनासह काम करणाऱ्याने पूर्णेच्या जलविभाजकापर्यंत क्षेत्र घ्यावे, जिल्ह्याचे आकडे हवे असल्यास ते शेवटी तालुकावार बेरजेने काढावेत, आणि क्षेत्र वाढविण्यात वाचलेली शक्ती भेगाळ जमिनीच्या वर्णनाकडे वळवावी.